धक्का मारण्याआधी

गाडी बंद पडली की आमच्याकडे पहिला उपाय धक्का. चार माणसं न बोलावता येतात आणि गाडी सुरू झाली की नावही न सांगता निघून जातात. रीत चांगली आहे. पण गाडीच्या एका दुखण्यात ती घातक ठरते.

नव्वदच्या दशकात मी बारामतीजवळच्या कऱ्हाटीच्या बायकांकडून शाळेचे गणवेश शिवून घेत असे आणि इंदापूर, बावड्याच्या दुकानांना पोचवत असे. घरात एकच जुनी पेट्रोल गाडी होती आणि ती मी चालवायची. धाकट्या दिरांना ती विकून वडापसाठी, म्हणजे गावोगावची प्रवासी ने-आण करायला, जीप घ्यायची होती. नवऱ्याने आम्हा दोघांना एकच उत्तर दिलं होतं : इंजिन गेलं तर विकू.

शाळा उघडायच्या तोंडावर गणवेश घेऊन इंदापूर-बावड्याच्या फेरीला निघाले. दीर सोबत होते. भिगवणच्या हॉटेलांपाशी चालती गाडी एकदम गप्प झाली. मी किल्ली एकदाच फिरवली. स्टार्टर फिरला, पण फार हलका. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. माहेरी विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याची वरची कळ उचलून हँडल मारलं की ते असंच पोकळ फिरायचं. कळ पाडली की आतली हवा दाबली जायची आणि हँडल हाताशी झुंजायचं. इथं झुंज नव्हती. बॉनेट उघडून बेल्टवरच्या झाकणाची कड ओढली आणि आत बोटं घातली. टायमिंग बेल्ट तुटून लोंबत होता.

हा बेल्ट खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह एका तालात ठेवतो. तो तुटला की व्हॉल्व्ह आहेत तिथंच थांबतात, काही उघडेच राहतात. मग इंजिन फिरवलं की पिस्टन वर येऊन त्यांना ठोकतात.

"भावजी, गाडी न्यूट्रलला राहू द्या. कुणाला धक्का मारू देऊ नका," असं सांगून मी मेकॅनिकला फोन करायला गेले.

परत आले तर गाडी जागेवर नव्हती. पुढे रस्त्याच्या कडेने पाच-सहा जण तिला ढकलत होते आणि दीर स्टिअरिंगवर होते. मी ओरडून सगळ्यांना थांबवलं, धावत जाऊन खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. गाडी गिअरमध्ये होती, म्हणजे चाकांबरोबर इंजिनही फिरत होतं.

"बाई, आजून दोन हिसकं दिलं आसतं तर चालू झाली आसती," एक मासेवाला म्हणाला.

"झाली असती. भंगारवाल्याकडं चालू."

लोक हसले. दीर मात्र खाली बघत म्हणाले, "समदी म्हनली, गडी आसून नुस्ता बसलाय व्हय. मग काय करू?"

बारामतीचे मेकॅनिक चाचा दोर घेऊन आले आणि गाडी ओढून गॅरेजला नेली. बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले, "सगळं इंजिन उतरवावं लागंल, ताई."

"मग विकलेलीच बरी," दीर लगेच म्हणाले.

"आधी नवा बेल्ट बसवा," मी म्हटलं. "पान्यानं हातानं फिरवून बघू."

"गॅरेज कुणाचं हाय?"

"तुमचं. गाडी माझी."

चाचा हसले आणि बेल्ट बसवला. खुणा जुळवून मी पाना हातात घेतला, सावकाश फिरवला. एक सिलिंडर झुंजला, दुसराही झुंजला. एका ठिकाणी मात्र पाना लोण्यातून जावा तसा गेला. त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशा जागी इंजिन ठेवून, प्लग काढून चाचांनी भोकातून पंक्चर काढायच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. मी ऑइलच्या झाकणाशी कान लावला आणि दिरांना सायलेन्सरपाशी बसवलं.

"माझ्याकडं शांत आहे," मी म्हटलं. म्हणजे हवा खाली ऑइलकडे गळत नव्हती; पिस्टन आणि त्याच्या रिंगा धड होत्या.

दिरांनी नळीच्या तोंडावर तळहात धरला. "हितनं वारं येतंय," ते नाइलाजाने म्हणाले.

म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह वाकला होता, खालचं इंजिन शाबूत होतं. चाचांनी फक्त हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं. व्हॉल्व्ह खरंच वाकडा निघाला आणि पिस्टनवर नखाएवढी खूण होती.

"बेल्ट तुटतानाच वाकला का धक्क्यानं?" दिरांनी विचारलं.

"ते कुनीच सांगू शकत न्हाय," चाचा म्हणाले.

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विषय वाढवला नाही. इंजिन गेलं नव्हतं, मला तेवढंच हवं होतं.

दुरुस्त गाडीतून पुन्हा बावड्याला निघालो तेव्हा दीर गणवेशाचं गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. गावाच्या अलीकडे वडापची एक जीप बंद पडली होती आणि प्रवासी उतरून तिला ढकलत होते. दिरांनी खिडकीतून डोकं काढलं. "ए, धक्का मारू नका. आदी बेल्ट बघा."

"ह्याला न्हाय बेल्ट," जीपवाला म्हणाला. "ह्याला आत दातेरी चाकं हायती. बॅटरी उतरलीय."

मी गाडी कडेला घेतली. "गाठोडं द्या इकडं, भावजी. उतरा आणि हात लावा."