विजोबाचा चेहरा घडवणारे इनास मिस्तरी

इनास मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं ते सातिवलीच्या आमच्या कारखान्याच्या दारात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ते सायकलवरून आले होते आणि मागच्या कॅरिअरवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोरीने बांधलं होतं. ते सोडवताना त्यांची जपणूक पाहून मला वाटलं, चर्चमधली एखादी लहान मूर्ती दुरुस्तीला नेताना वाटेत पाणी प्यायला थांबले असावेत. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "मूर्ती नाही, भाऊ. तुमच्या शेठचा हीरो आहे. पण रस्ता खराब, आणि याचं नाक पुढे आहे."

मिस्तरींच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघतो आहे आणि त्यात मीही लिहावं, असं तो काढणाऱ्या मंडळाने कळवलं तेव्हापासून मला नीट झोप नाही. एक तर माझं शिक्षण सातवीपर्यंत. माझ्या आधी आणि नंतर शिकलेल्या माणसांचे लेख असतील. दुसरी काळजी त्याहून मोठी होती. ज्या साच्यांतून मिस्तरींचा तो बाहुला निघत असे, ते साचे अजून सातिवलीच्या बंद गाळ्यात होते आणि गाळा रिकामा व्हायचा होता. मिस्तरींची नजर आता जवळजवळ गेली आहे. आपण केलेला तो चेहरा एकदा बोटांनी चाचपून पाहावा, एवढंच त्यांना हवं होतं. ग्रंथ छापून होईपर्यंत साचे मिळतील की नाही, या घोरात मी लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या वेळी हिंदीत एक सिनेमा येणार होता, अंगात वीज असलेल्या माणसाचा. तो उडायचा, आगगाडी अडवायचा, बोटाने दिवे लावायचा. आमच्या शेठने सिनेमावाल्यांशी बोलून त्याचा प्लास्टिकचा बाहुला काढायचा हक्क मिळवला. आम्ही कामगारांनी बाहुल्याचं नाव विजोबा ठेवलं. सिनेमातलं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

मिस्तरींचं घराणं संतांच्या मूर्ती कोरणारं. त्यांचे वडील सागवानात कोरायचे, तेही तेच करत. शेठने माणिकपूरमधल्या कुणाच्या तरी घरी त्यांच्या हातचा संत पाहिला आणि हा माणूस शोधून काढला. मिस्तरींनी आधी लाकडी नमुना केला आणि त्यावरून पितळेचे दोन साचे ओतून घेतले. एक पुढच्या अंगाचा, त्यात चेहरा आणि छाती. दुसरा पाठीचा. मी हातमशीनवर होतो; मला सगळे जनूभाऊ म्हणत. प्लास्टिकचा दाणा वितळला की दांडा ओढायचा, साचा थंड झाला की अर्धा माणूस काढायचा. पुढचे अर्धे एका टोपलीत, मागचे दुसऱ्या टोपलीत. मग बायका ते चिकटवत, रंगवत आणि खांद्यावर झूल बांधत. झूल रेनकोटच्या उरलेल्या प्लास्टिकची असे.

पहिली खेप बघायला सिनेमावाले आले, आणि तिथे मला मिस्तरींचा स्वभाव कळला. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी विजोबा तळहातावर उभा केला, दोन-तीनदा फिरवला आणि शेठना म्हणाले, "ये हीरो है, या किसी की मय्यत में आया है?"

बायका तोंडात पदर धरून हसल्या. मीही बघितलं तर खरंच, विजोबाची मान किंचित झुकलेली आणि नजर जमिनीकडे. हजारदा हाताखालून गेला होता, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेठचा चेहरा उतरला. दुसऱ्या कुणीही त्या वेळी, नमुना असाच मागितला होता, असं म्हणून हात झटकले असते. मिस्तरी उठून पुढे झाले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी हाताच्या सवयीने केलं. वेदीवरची मूर्ती उंचावर असते आणि माणूस खाली गुडघ्यावर असतो. मूर्तीने आपल्याकडे बघावं म्हणून आम्ही तिची नजर खाली उतरवतो. हा पोरांच्या हातात असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तो अब क्या करें? बच्चों को घुटनों पर बिठाएँ?" साहेब म्हणाले.

मिस्तरींनी नवा नमुना करून द्यायची तयारी दाखवली. पण साचे ओतून झाले होते, सिनेमाची पोस्टरं लागली होती, वेळ नव्हता. विजोबा तसाच खाली बघत बाजारात गेला. सिनेमा आठवड्याच्या आत उतरला. त्या दिवशी शेठ डोक्याला हात लावून बसले होते. मिस्तरी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. चूक त्यांची नव्हती, सिनेमाच वाईट होता, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

पण बाहुला खपला. जत्रेत, सणाच्या दुकानांत, माणिकपूरच्या फुटपाथवर तो कित्येक वर्षं विकला जात होता. ज्या पोरांनी विकत घेतला त्यांना सिनेमा माहीतही नव्हता. पोरं त्याला कपाटावर, खिडकीत, कुठेतरी उंच ठेवत आणि मग तो त्यांच्याकडे बघे. हे कुणी शिकवलं नव्हतं.

एका सणाला मी आणि मिस्तरी चर्चबाहेरच्या दुकानांपुढून जात होतो. तिथे रोजाबाय नावाच्या एक म्हाताऱ्या बाई विजोबा हातात घेऊन निरखत होत्या.

"हा कुठला संत?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"संत नाही, आजी. सिनेमातला आहे."

"असू दे. बघतो तर चांगला." आणि त्या घेऊन गेल्या.

मिस्तरींचं सणात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते रोजाबायच्या घरी गेले. विजोबा खरोखरच घरातल्या वेदीवर, मेणबत्तीच्या शेजारी उभा होता. मिस्तरी अवघडून म्हणाले, "आजी, हा मी केला आहे. हा कुणी संत नाही. याच्यापुढे प्रार्थना केली तर माझ्या माथी पाप लागेल."

रोजाबाय म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय रे? डोळे आहेत मला. पण माझा नातू आईविना आहे. तो त्या लाकडाच्या संतांशी बोलत नाही, याच्याशी बोलतो. रात्री निजताना सगळं सांगतो. मग याला कुठे ठेवू, चुलीजवळ?"

मिस्तरींनी विजोबाला वेदीच्या मधून उचलून एका कडेला ठेवलं. "एवढं तरी असू दे," म्हणाले. रोजाबायने होकार दिला. आपल्या हातून निघालेल्या वस्तूने कुणाला फसवू नये, ही मिस्तरींची धास्ती मी पुढेही पाहिली.

आता माझ्यावरचे उपकार. एकदा मशीनमधलं गरम प्लास्टिक माझ्या डाव्या हातावर सांडलं. मिस्तरींनी हात पाण्यात धरला आणि मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. हे कुणीही केलं असतं. पण हात बरा होईपर्यंत माझी जागा दुसऱ्याला जाऊ नये म्हणून ते आपलं काम संपवून माझ्या मशीनवर उभे राहत. शेठ त्यांना म्हणाले, "मिस्तरी, देव बनवणारे हात तुम्ही दांडा ओढायला लावता?" मिस्तरी म्हणाले, "देव घाईत नाहीत, शेठ. जनूभाऊच्या घरी घाई आहे."

दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ते विरारला, मनवेलपाड्याच्या आमच्या चाळीत यायचे आणि घरच्या केळ्यांची सुकेळी आणायचे. माझी बायको दारातच म्हणायची, "मिस्तरी, आधी पानी घ्या, मंग बोला. आनि तुमी अशी सुकेळी आनत राहिलात तर यांचा हात कधीच बरा व्हायचा नाय." ती आता नाही. तिच्या मयताला मिस्तरी आले तेव्हा त्यांना निम्मं दिसत होतं, तरी एकटे आले होते.

विजोबाचे दिवस कायम टिकले नाहीत. दाणा महाग झाला तसं शेठ जुनं प्लास्टिक दळून वापरायला लागले आणि मूळचा हिरवा विजोबा हळूहळू मातकट झाला. पितळ झिजून नाक बोथट झालं की मिस्तरी येऊन साच्यात पुन्हा कोरून देत. पुढे हातपाय हलणारे, देखणे बाहुले आले. टीव्ही आला. ऐंशीचं दशक सरता सरता कारखान्याला कुलूप लागलं. मिस्तरी परत संतांकडे गेले, तर तिथे फायबरच्या तयार मूर्ती येऊन बसल्या होत्या. वेदीवरचं त्यांचं काम गेलं, दुरुस्तीचं राहिलं. मग साखरेच्या आजाराने डोळे गेले आणि तेही गेलं. याला काय म्हणायचं, मला कळत नाही. एवढा कारागीर माणूस, आणि चारही बाजूंनी दारं बंद होत गेली.

अलीकडे मुंबई-पुण्याची काही मंडळी जुने बाहुले गोळा करतात. झूल पिवळी असेल तर पहिली खेप, निळी असेल तर शेवटची, असं त्यांनी ठरवलं आहे. माझ्या आठवणीप्रमाणे ज्या रंगाचे रेनकोट त्या आठवड्यात शिवले जात त्या रंगाची झूल, पण माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही, म्हणून मी वाद घातला नाही. आमच्यापैकी कुणाकडेच विजोबा उरलेला नाही. रोज टोपल्या भरून काढायचो, त्यातला एक जपून ठेवावा असं सुचलं नाही. पोरांनी नेले ते खेळता खेळता वाळूत हरवले. पुण्याच्या एका गृहस्थांकडे चांगला आहे, पण तो काचेत आहे आणि ते कुणाच्या हातात देत नाहीत. त्यांनी आदराने चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले. मी ते मिस्तरींच्या हातात दिले. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "चांगला आला असेल."

म्हणून सगळी आशा साच्यांवर होती. शेठचा नातू भला मुलगा आहे. रविवारी या, असं त्याने सांगितलं होतं. आम्ही दोघे माणिकपूरहून रिक्षाने सातिवलीला गेलो. नातू दारातच उभा होता आणि त्याचा चेहरा पाहून मी समजलो.

"काका, भंगारवाला कालच आला. मी इथे नव्हतो. माणसांनी पितळ सगळं देऊन टाकलं."

त्याने आमच्यासमोर भंगारवाल्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "वो तो भट्टी में गया, सेठ. अब नल की टोटी बन गई होगी."

मिस्तरी म्हणाले, "जनूभाऊ, जरा बघ तरी." मी गाळाभर फिरलो. एका मोडक्या मशीनच्या पायाखाली आधाराला एक काळा ठोकळा दिसला. तेलाने आणि धुळीने इतका माखलेला की लोखंड समजून सोडून दिला असावा. नातवाने तो काढून दिला. मी रुमालाने पुसला आणि मिस्तरींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आतून बोटं फिरवली. झुलीच्या गाठीची जागा, मानेची खाच, केसांचा भांग.

"ही पाठ," ते म्हणाले.

मग ते तो ठोकळा उलटापालटा करून चाचपत राहिले. पुढचं अंग त्यात नव्हतं हे त्यांना माहीत होतं. तरी चाचपत होते. नातू चहा घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला.

परत येताना रिक्षावाल्याने विचारलं, "काका, पिशवीत एवढं जड काय आहे?"

मिस्तरी म्हणाले, "अर्धा माणूस आहे."

त्याने एकदा मागे वळून पिशवीकडे पाहिलं आणि रिक्षाचा वेग वाढवला.

आता तो पाठीचा साचा मिस्तरींच्या ओट्यावर आहे. ते त्यात शाडू दाबून मागचा अर्धा काढतात आणि पुढचा अर्धा हातांनी करायला बसतात. हात थरथरतात. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा मिस्तरींच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "सकाळभर करतात आणि जेवायच्या आधी मोडतात. तुम्ही तरी सांगा." मी मिस्तरींना म्हणालो, एक तरी ठेवा, ग्रंथात फोटो देता येईल. ते म्हणाले, "नाक आलं. ओठ आले. पण हा दुसराच कुणीतरी आहे, जनूभाऊ. त्याला विजोबा म्हणून कसा देऊ?" आणि माझ्यासमोर त्यांनी अंगठ्याने तो चेहरा सपाट केला.

मी आशा धरणारा माणूस नाही. रात्री पडल्या पडल्या मला वाटतं की हे होणार नाही. साखर वाढेल, थरथर वाढेल, आणि तो चेहरा कुणालाही पुन्हा हातात घेता येणार नाही. या ग्रंथात बाकीचे सगळे मिस्तरींना शंभर वर्षं मागतील. मला मोठं काही मागायची भीती वाटते. त्यांची साखर ताब्यात राहावी, बोटं ठिकाणावर राहावीत आणि ओट्यावर बसलेले असताना त्यांना कुणी उठवू नये. चेहरा सापडला तर त्यानंतर सुखाने बसायला त्यांना पुष्कळ आयुष्य मिळावं. आणि नाही सापडला, तर शोधत राहायला त्याहून जास्त आयुष्य लागेल.