मैली साखळी आणि चंदनाचा वास

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र वेगळं राहिलं.

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं होणार होतं. कोणाची रवानगी कुठे होणार, याशिवाय आमच्या ग्वाल्हेरच्या पोलीस थान्यात दुसरा विषय नसायचा. अशात हरिशंकरपुरममधल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगणातलं चंदनाचं झाड भरदिवसा चोरीला गेलं. बाई लग्नासाठी झाशीला गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी मशीनची घरघर ऐकली होती, पण नगर निगमवाले फांद्या छाटत असतील असं समजून कोणी बाहेर डोकावलं नाही. झाड बाईंच्या यजमानांनी लावलेलं होतं. फिर्याद देताना त्या झाडाची किंमत सांगेनात; यजमान गेले ते सालच पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

खबऱ्याकडून एक धागा मिळाला. मुठीला निळं रेक्झिन गुंडाळलेली चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, त्या दिवशी त्या गल्लीत दिसली होती. तशी मशीन शहरातल्याच हजीरा भागातल्या एका मराठी माणसाकडे होती. त्याचे पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेत होते. हा झाडं उतरवण्याची कामं घ्यायचा. आम्ही त्याच्या शेडमधून मशीन पंचांसमक्ष जप्त केली आणि त्याला थान्यात आणलं.

मशीन टेबलावर ठेवली, तेव्हा तो घाबरेल अशी माझी अपेक्षा होती. तो वैतागला.

"साहेब, ही चेन इतकी गंदी कशी? काम झालं की मी त्याच दिवशी साफ करतो."

चोर चोरीच्या हत्याराच्या मळावर का चिडेल? मला उत्सुकता वाटली. साफ कशी करतोस, असं मी त्याला विचारलं. त्याने सविस्तर सांगितलं. साखळी उतरवायची, रॉकेलमध्ये भिजवायची, जुन्या टूथब्रशने दात न् दात घासायचा, मग गोल कानस फिरवायची. साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्या खाचेत भुसा आणि तेल मिळून काळा लगदा बसतो. तो कोरून काढला नाही, तर तेल पुढे सरकत नाही, साखळी तापते.

मुद्देमालाला त्याचा हात लागू द्यायचा नव्हता. पंचांना पुन्हा बोलावलं. तो लांब उभा राहून सांगत गेला आणि हवालदाराने झाकण उघडलं. खाचेतला लगदा तारेने कोरून पांढऱ्या कागदावर घेतला. लगदा सुटताच तेलाच्या वासातून चंदनाचा वास वर आला. पंचांपैकी एकाने नकळत दीर्घ श्वास घेतला.

त्या माणसाचा चेहरा उतरला. आतापर्यंत मोकळेपणाने बोलणारा तो एकदम गप्प झाला. मशीन कोणाला दिली होती, हे मी वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. समजावलं, दरडावलंही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "माझ्यावरच लिहा साहेब."

दुपारी त्याची धाकटी बहीण डबा घेऊन आली. ती लग्न होऊन दर्पण कॉलनीत राहायची. टेबलावरची मशीन आणि कागदावरचा भुसा तिने पाहिला, वास घेतला आणि डबा खाली ठेवला. भावाने मान हलवून तिला नको म्हटलं. तिने तिकडे पाहिलं नाही.

"मशीन ह्यांनी नेली होती," ती मला म्हणाली. "आमच्या घरात दोन दिवस हाच वास येतोय. मी विचारलं तर म्हणाले, अगरबत्तीचा आहे."

तिच्या घरातल्या दिवाणाच्या पोकळीतून चंदनाचे ओंडके निघाले. नवऱ्याने गुन्हा कबूल केला. भावाला आम्ही त्याच संध्याकाळी सोडलं.

तिचा जबाब लिहून झाल्यावर मी तिला सांगितलं की भावानेही सगळं सांगितलं, तर तिच्यावरचा भार थोडा कमी होईल. ती म्हणाली, "नको. सासरी मला हेच ऐकवतील की भावाने घर मोडलं. मी सांगितलं, असंच लिहा." आणि तिने सही केली.

त्या दिवसापर्यंत चौकशीत गप्प बसणारा माणूस मला गुन्हेगारच वाटायचा. नंतरच्या नोकरीत असा कोणी समोर आला की मी आधी चौकशी करायचो, की ह्याच्या घरी कोण कोण आहे.