वळणावरची मोवई

झाडाजवळ गेले की मामा आधी अंगठ्याचं नख लावायचे. हाताला येईल ती काडी धरायची, साल किंचित खरवडायची, वाकून पाहायचं आणि मागे वळून म्हणायचं, "त्याले वेळ हाये जी." एवढं बोलून ते पुन्हा आपल्या फावड्याकडे जात. त्या नखात बारा महिने सालीचा काळा भुगा भरलेला असे.

मामा म्हणजे आमच्या ऑफिसचे मैलकुली. रस्त्याचे ठरावीक मैल ज्याच्या नावावर असतात, तो माणूस. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पुलाखालच्या नळीत अडकलेला कचरा ओढायचा आणि रस्त्याकडेच्या झाडांना चुन्या-गेरूचे पट्टे मारायचे. असा माणूस गाडीतून जाताना तुम्हालाही दिसला असेल आणि तुम्हीही माझ्यासारखंच त्याच्याकडे पाहिलं नसेल. अड्याळहून आत जाणारा आठ किलोमीटरचा रस्ता मामांकडे होता, आणि मामांसकट तो रस्ता माझ्याकडे होता. मी अभियंता. निदान कागदावर तरी हे असंच होतं.

माझ्या ज्ञानाबद्दल थोडं सांगायला हवं. मला दोन प्रकारची झाडं ओळखता येत. एक आंब्याचं आणि दुसरं आंब्याचं नसलेलं. मी भंडाऱ्याच्या भर वस्तीत वाढलो. आमच्या दारासमोर विजेचा खांब होता, त्याची पानगळ कधी झाली नाही. सिमेंट मात्र मी चिमटीत धरून सांगायचो. त्यामुळे आपल्याला सगळंच चिमटीत धरून कळतं असा माझा समज झाला होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऑफिसात मार्च एंडची पळापळ सुरू झाली होती. वरून कागद आला की रस्त्याकडेच्या वाळलेल्या, धोकादायक झाडांची यादी महिन्याभरात पाठवा. झाडांची यादी नेमकी पानगळीत मागवण्याचा मुहूर्त कोणी काढला, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण ते माझ्याही डोक्यात आलं नाही. मी लाल रंगाचा डबा घेतला, कारध्याचा पूल ओलांडला आणि अड्याळला जाऊन मामांना मोटरसायकलवर मागे बसवलं.

माझी पद्धत साधी होती. पान असेल तर जिवंत, पान नसेल तर फुली. मामा डबा धरायचे, मी ब्रश चालवायचो.

"साहेब, हा शिरस हाये. वाळला नाही जी. त्याले वेळ हाये."

"मामा, एक पान दाखवा."

"पान चैतात येते जी."

"मग चैतात यादी पाठवू का? यादी मार्चमध्ये जाते."

मामा डबा उचलून पुढे निघाले. पुढच्या झाडाशी पुन्हा नख, पुन्हा "त्याले वेळ हाये जी", पुन्हा माझी फुली. संध्याकाळपर्यंत तीसएक झाडांना मी मृत घोषित केलं. परत येताना मला फार कर्तबगार वाटत होतं. त्या दिवशी मामा एकाच गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत. मी हेल्मेट काढलं तेव्हा त्यांनी माझ्या विरळ होत चाललेल्या डोक्याकडे एकवार पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तिथे काही वेळबिळ नव्हता.

यादी माझ्या सहीने वर गेली. पंधरा-वीस दिवसांनी सकाळीच त्या रस्त्याने जायची वेळ आली. एका फुली मारलेल्या झाडाखाली पाच-सहा बाया वाकून काहीतरी वेचत होत्या. आंब्याचं नसलेलं ते झाड मोहाचं होतं. खाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि वर माझी लाल फुली ठसठशीत दिसत होती.

मला ओळखून एक म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "साहेब, तुमच्या मेलेल्या झाडानं दोन टोपल्या मोहफूल देल्ले जी!"

दुसरी म्हणाली, "माह्या वावरातल्या झाडायलेही एकेक फुली मारून द्या. बहार येईन."

मी कामात असल्यासारखा चेहरा केला आणि गाडी पुढे काढली. पण पुढे काढून जाणार कुठे? रस्ता माझाच होता. कुसुमावर लाल लाल कोवळी पानं आली होती. पिंपळ तर चार दिवसांत असा पालवला होता की त्याखाली एक पानठेलेवाला खुर्ची टाकून बसला होता, पाठ माझ्या फुलीला टेकवून.

एप्रिलमध्ये लाकूड घेणारा ठेकेदार आला. हातात माझी यादी, डोक्यावर शिरीषाची हिरवी सावली. तो म्हणाला, "साहेब, ही यादी ह्याच रस्त्याची हाये का? मी तं सावलीत उभा आहो." तो आणि त्याच्याबरोबरची माणसं हसली. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

मला त्यातून मामांनी सोडवलं. कोणी सांगितलं नसताना त्यांनी चुना-गेरू कालवला आणि फुल्या झाकतील असे पट्टे पालवलेल्या प्रत्येक झाडाला मारले. नियमाचा पट्टा वीतभर, मामांचा हातभर. त्या वर्षी आमच्या रस्त्याची झाडं इतकी नटली होती की वरच्या साहेबांनी रंगकामाचं कौतुक केलं. ते कौतुक मी मान खाली घालून घेतलं. मामांचं नाव मी सांगितलं नाही.

सगळ्या फुल्या झाकल्या, एक राहिली. तलावाच्या पाळीजवळच्या वळणावर एक मोवई होती. करडं, गुळगुळीत खोड आणि नुसत्या काड्या. एप्रिल संपत आला तरी तिच्यावर हिरवा ठिपका नव्हता. तिला पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तीस झाडांत एक तरी खरोखर मेलेलं निघायला हवं होतं. नाहीतर मी वर काय तोंड दाखवणार होतो?

ठेकेदार ती तोडायला आला त्या दिवशी मामा सायकल टाकून माझ्यासमोर उभे राहिले. एरवी ते माझ्यासमोर कधी उभे राहत नसत, बाजूला उभे राहत.

"साहेब, हे तोडू नका जी. मोवई सगळ्यात मांगून फुटते. पाणी पडाच्या आठ-पंधरा दिवस अगोदर. मी दरसाल पाहून रायलो. शेंड्याले बारीक फूलही येऊन गेलं."

मी वर पाहिलं. डोळ्यांत ऊन गेलं, फूल काही दिसलं नाही.

"मामा, तुम्हाला प्रत्येक झाड जिवंतच दिसतं."

"नोकरीले लागलो त्या साली लावलं जी हे. तवा हा बोडका रस्ता होता. तलावातून पितळी गुंडानं पाणी आणून टाकलं. दुपारी भाकर खातो मी इथं."

"सावलीत?" मी नुसत्या काड्यांकडे बोट दाखवून विचारलं. ठेकेदार पुन्हा हसला. या वेळी तो माझ्या बाजूने हसला, आणि मला ते हवंच होतं.

मामांनी एक काडी वाकवली, नखाने साल काढली आणि ती काडी माझ्या डोळ्यांपुढे धरली. "पाहा ना जी. ओलं हाये."

आत हिरवं होतं. पोपटी, ओलसर हिरवं. ते मी स्पष्ट पाहिलं. आजवर जो कोणी विचारेल त्याला मी हेच सांगत आलो की बाबा, मला झाडातलं काही कळत नाही. ती थाप आहे. त्या दिवशी मला कळलं होतं. कळूनही मी म्हणालो, "यादीत आहे, मामा. तोडू द्या."

दुपारपर्यंत मोवई आडवी झाली. बुंध्यातून चिकट पाणी पाझरत होतं. ठेकेदार म्हणाला, "ओलं लाकूड हाये साहेब, वजन भरते." मी त्याला वेळेवर लाकूड उचलायला सांगितलं आणि निघालो. मागे वळून पाहिलं तर मामा पडलेल्या फांद्यांतून एक मनगटाएवढी जाड, कंबरेएवढी लांब फांदी निवडून बाजूला ठेवत होते.

ती त्यांनी बुडख्याच्या शेजारी खड्डा करून रोवली. आमच्याकडे कुंपणाला मोवईचे खुंट रोवतात आणि ते फुटतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला मात्र ऑफिसातल्या चपराशाने सांगितलं. भर मे महिन्यात मामा त्या दांडक्याला गुंडाने पाणी घालत. बसमधले लोक हसत. कोणी विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "त्याले वेळ हाये जी."

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "साहेब, फुटलं जी. दोन पानं आले. एकदा येऊन जा."

मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. त्या वेळी मी ऑफिसात एकटाच चहा पीत होतो.

पुढे त्या वळणावरून जाताना मी उजवीकडच्या तलावाकडे पाहायचो. तलाव पाहण्यासारखाच आहे. पण किती वर्षं पाहणार? एकदा गाडी पंक्चर झाली ती नेमकी तिथेच. खाली उतरलो. माझ्या दंडाएवढं झालेलं ते रोप समोर होतं आणि त्याला चुन्या-गेरूचे पट्टे मारलेले होते. एवढ्याशा दांडक्याला खाली गेरू, मध्ये चुना, वर पुन्हा गेरू. पट्टा असला की झाड सरकारी मोजणीत आलं, मग उद्या कोणी उठून त्याला खुंट समजणार नाही, असा मामांचा हिशोब असावा. कोणी म्हणजे कोण, हे मला पंक्चर काढून होईपर्यंत पुरेसं कळलं.

मामा रिटायर झाले तेव्हा भाषण मी केलं. शाल-नारळ दिला. निष्ठा, सचोटी, कष्ट, सगळे शब्द वापरले. झाडाबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडापर्यंत आलंही होतं, पण समोर वरचे साहेब बसले होते. कार्यक्रम झाल्यावर मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, ते वळणावरचं..."

"मस्त वाढून रायलं जी," ते म्हणाले. "येऊन पाहा एक खेप." माझ्या हातावर हात ठेवून ते बाकीच्यांचा निरोप घ्यायला गेले. मी मनाशी म्हटलं, निवांत जाऊ एकदा आणि माफी मागू. दोन वर्षं मी निवांत होण्याची वाट पाहिली.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं. घरी भेटायला गेलो. मामींनी ओसरीवर सतरंजी टाकली. मग त्या आत गेल्या आणि एक झिजलेला ब्रश घेऊन आल्या.

"हे ऑफिसचं सामान हाये म्हणे. साहेब येतीन तं त्यायले देजो, असं सांगून ठेवलं होतं."

"मी येईन असं म्हणाले होते?"

"हो जी. तुम्ही येणारच म्हणे." मामी सतरंजीच्या कडेला टेकल्या. "ते झाड तोडलं तवा गावात लोकं तुमाले लय नावं ठेवत. हे कोणाले बोलू नाही देत. म्हणे, साहेब वाळला माणूस नाही. त्याले वेळ हाये."

मी ब्रश हातात घेऊन बसलो होतो. जन्मात मला एवढं मोठं प्रशस्तिपत्र कोणी दिलं नव्हतं, आणि मी त्याच्या किती लायक होतो हे एका मलाच ठाऊक होतं. मला रडू आलं. मामींनी पाणी आणून दिलं.

आता मैलकुलीच्या जागा भरत नाहीत. त्या रस्त्याच्या झाडांचे पट्टे दोन पावसांत धुऊन गेले. परवा, मार्चमधल्या एका रविवारी, मी अड्याळच्या दुकानातून चुना आणि गेरू घेतला आणि वळणावर गेलो. मोवई आता माझ्याहून उंच झाली आहे. नुसत्या काड्या होत्या. मी एक काडी वाकवली आणि नख लावलं. पहिल्यांदा नखच मोडलं. दुसऱ्यांदा साल निघाली. आत हिरवं होतं. "मामा, चुकलं माझं," मी मोठ्याने म्हणालो. एका म्हशीने मान वळवून पाहिलं.

मग मामांच्या ब्रशने पट्टे मारले. सिमेंट चिमटीत ओळखणाऱ्या माणसाला सरळ पट्टा मारता येत नाही, हेही त्या दिवशी कळलं. गेरू चुन्यात उतरला, चुना बुटावर. साकोलीकडची कोणी माणसं गाडी थांबवून रस्ता विचारायला आली. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "वाळलेल्या झाडाले कायले रंगवून रायले, भाऊ?"

मी त्यांना रस्ता सांगितला आणि झाडाचंही सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा अंगठ्याच्या उरल्यासुरल्या नखात काळा भुगा आणि गेरू भरला होता. बायको म्हणाली, "आधी हात धुऊन घ्या." मी ओसरीवर बसून तसाच अंगठा पाहत राहिलो. "धुतो," म्हटलं, "जराशानं."