सोळापैकी तीन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझी चोरून ओढलेली सिगारेट, थोरल्या भावाशी धरलेला अबोला, सगळं तिला माहीत आहे. हे नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे.

भोरात मी कॉम्प्युटरचा माणूस. कुणाचंही मशीन अडलं की ‘सरांना बोलवा’. हे ‘सर, सर’ ऐकून माणूस नासतो — निदान मी नासलो. इथल्या एका धर्मादाय दवाखान्यानं कागदी रजिस्टर बंद करून केसपेपर कॉम्प्युटरवर न्यायचे ठरवले, तेव्हा सर्व्हर निवडायचं काम माझ्याकडे आलं. कमिटीपुढे काय भाषण ठोकलं मी! डेटाबेस मेमरीवर जगतो, चार जीबीत भागणार नाही, सोळाच लागेल. त्यांनी माना डोलावल्या. सोळा आली.

आणि त्या मशीनवर मी ऑपरेटिंग सिस्टिम कुठली टाकली? बत्तीस बिटची. का? केसपेपर छापणारा जुना प्रिंटर तिच्यावर मुकाट चालायचा, तिची सीडी खणात तयार होती — आणि मला घरी जायची घाई होती. त्या बत्तीस बिटच्या सिस्टिमला चार जीबीच्या पलीकडची मेमरी वापरताच येत नाही. चारातलीही थोडी मशीन स्वतःसाठी राखून ठेवतं. चौसष्ट बिटची टाकली असती तर सगळी सोळा हाताशी आली असती. कुठल्याही क्लासात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मला ठाऊक नव्हतं असं म्हणू? ठाऊक होतं. म्हटलं, चालतंय, कोण बघायला येतंय?

काउंटरवर शकूमावशी बसायच्या. आंबवड्याच्या. कागदी रजिस्टर इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलेलं. माणूस दारात दिसला की त्याचं गाव आणि दुखणं दोन्ही सांगायच्या. पन्नाशी उलटल्यावर हट्टानं टायपिंग शिकल्या. नोंदी थोड्या होत्या तोवर सगळं ठीक चाललं. नोंदी वाढल्या, आणि सर्व्हरला धाप लागायला लागली. नाव टाकलं की पडदा गोठायचा. वेल्ह्याकडून दोन एसट्या बदलून आलेली म्हातारी माणसं रांगेत ताटकळायची आणि सगळा राग मावशींवर काढायची.

एकदा मी तपासायला गेलो. मशीनची माहिती दाखवणारी खिडकी उघडी ठेवून फोनवर बोलत होतो. मावशी मॅट्रिकच्या इंग्रजीवर अक्षर अक्षर लावत वाचत बसल्या. आणि म्हणाल्या, “सर, हितं सोळा लिवलंय, आन् कंसात तीनच वापरात म्हणतंय. मग बाकीचं कुठं गेलं वो?”

कळतंय का तुम्हाला? सगळ्या दवाखान्यात एकट्या त्या बाईनं नेमकं बोट ठेवलं होतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. रांगेतल्या माणसांसमोर मी तिच्या अंगावर ओरडलो. त्यातलं काही कळतं का तुम्हाला, म्हणालो. त्या रांगेतल्या पुढच्या माणसाचं नाव टाइप करायला लागल्या.

कमिटीनं विचारलं, अडतंय कुठं? तेव्हा तरी खरं सांगायचं होतं ना? पण मग ती सोळा, ते भाषण, ते ‘सर’... मी म्हणालो, “मशीन उत्तम आहे. मावशींचा हात बसत नाही, भलतीच बटणं दाबतात.” आणि त्या शहाण्यांनी ते लगेच मानलं! मशीन आणि खेड्यातली बाई समोर ठेवल्यावर चुकलं कोण, हे त्यांना विचारावंही वाटलं नाही. मला त्यांची चीड येते, अजूनही येते. पण खोटं बोलायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी बोललो.

मावशींना काउंटरवरून उठवून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसवलं.

आता यापुढचं ऐका — खरी नीच गोष्ट ही आहे. पुढच्याच रविवारी दवाखाना बंद असताना मी गेलो आणि चौसष्ट बिटची सिस्टिम टाकली. प्रिंटर शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. चहा घेऊन, वॉचमनशी गप्पा मारूनही चार तासांत काम उरकलं. चार तास! सोमवारी काउंटरवर नवी मुलगी बसली आणि सर्व्हर सुसाट पळाला. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, बघा, म्हणजे बाईंचाच घोळ होता. मी हसलो. शरम वाटली का? वाटली असती तर तोंड उघडलं असतं.

दोन महिन्यांत मावशींनी काम सोडलं. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मागच्या महिन्यात भोरच्या एसटी स्टँडवर भेटल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं — हो, बरं वाटलं! लेकानं घेऊन दिलेला मोबाईल पिशवीतून काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

“सर, लेकाला तेवढा फोन लावून द्या. मी न्हाई हात लावत. दवाखान्याचं एवढं मोठं मशीन माज्या हातानं बिघडलं, ह्यो मोबाईल कसा टिकंल?”

मी नंबर शोधला, फोन लावला आणि त्यांच्या कानाला धरला. बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, “लई उपकार झाले, सर.”

मी म्हणालो, “असू द्या, मावशी.”