जावयांचं कातरलेलं वर्तमानपत्र

अख्ख्या लखनौमध्ये देशाची गुपितं सगळ्यांत कमी कुणाला ठाऊक असतील, तर आमच्या जावयांना. आणि गुपितं सांभाळण्याचाच पगार सरकार त्यांना देतं. पानवाल्याला ठाऊक असतं, दूधवाल्याला ठाऊक असतं, चौथी शिकलेल्या मला ठाऊक असतं. जावयांना नसतं. ते छावणीतल्या एका कचेरीत जातात. तिथे काय करतात ते मला माहीत नाही, आणि माझ्या लेकीला, शैलाला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नाही. कचेरीचं काही विचारलं की ते हवामान सांगतात. "आज उशीर का झाला?" म्हटलं की "आज धुकं फार होतं." भर मे महिन्यातसुद्धा. एवढं मात्र कळलंय की गुपित कागद वाचायची त्यांना परवानगी आहे. आणि ज्याला ती परवानगी असते, त्याने असा कागद फुटून टीव्हीवर आला, पेपरात छापला गेला, तरी तो तिथे बघायचा नाही, आणि खरा की खोटा हेही बोलायचं नाही, असा नियम आहे. मी म्हटलं, "अहो, सगळं जग वाचतंय, तुम्ही वाचल्यानं काय बिघडणार?" ते म्हणाले, "आई, कुणाचं पत्र रस्त्यावर पडलं म्हणून ते आपल्याला आलेलं होत नाही." मला पटलं नाही. रस्त्यावर पडलेलं पत्र मी तरी वाचीन.

कागद फुटल्याची बातमी लागली की जावई खुर्ची फिरवतात आणि भिंतीकडे तोंड करून जेवतात. टीव्ही बंद करा असं म्हणत नाहीत, कारण नियम त्यांना आहे, आम्हाला नाही. कानावर काही पडू नये म्हणून मोठ्याने पाढे म्हणतात. साधी बातमी असेल तर तेवीसचा, लांबली तर एकोणतीसचा. शेजारच्या मिश्राजींना बरेच दिवस वाटत होतं की आमच्याकडे शिकवणी चालते. एकदा निशातगंजला न्हाव्याकडे दाढी करत होते आणि समोरच्या टीव्हीवर तसलंच काही लागलं. हे अर्ध्या गालाला साबण असताना उठले आणि गळ्यात टॉवेल घेऊन भर बाजारात जाऊन उभे राहिले. न्हावी वस्तरा घेऊन मागे धावला. "साहब, हमसे क्या गलती हो गई?" जावई म्हणाले, "आपसे कुछ नहीं भैया. वो हट जाए तो बुला लीजिएगा." बघणाऱ्यांना वाटलं भांडण झालं. आणि एकदा त्यांच्या मामेभावाने फोनवर असल्या कागदाचा फोटो पाठवला, तो यांच्या नजरेला पडला. दुसऱ्या दिवशी स्वतः साहेबांपुढे जाऊन सांगितलं, मी पाहिला. फोन तिकडे जमा. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. शैला चिडून म्हणाली, "तुम्हाला गप्प बसता येत नाही का?" मी म्हटलं, अगं, गप्पच तर बसतात, त्याचाच पगार आहे.

तेव्हापासून सकाळचं वर्तमानपत्र आधी माझ्याकडे येतं. नागरी तीच असल्यामुळे हिंदी मला वाचता येतं, थोडं हळू. मी चष्मा लावून सगळा पेपर वाचते, त्यांनी वाचायचं नाही ते कात्रीने कापते, डब्यात टाकते आणि उरलेला त्यांना देते. देशाची गुपितं चौथी शिकलेल्या म्हातारीने वाचून ठरवायची आणि जावयांनी भोकांचा पेपर वाचायचा, ही आमच्या घरची रीत. ते पेपर धरून चहा पितात तेव्हा भोकातून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसते. मागच्या पानावरचे क्रिकेटचे आकडे कापले जातात, त्याबद्दल एकदाही कुरकुर केलेली नाही. दुपारी येऊन विचारतात, "आई, कोण जिंकलं?" तेवढं मी सांगते.

मी त्यांच्याकडे राहायला आले ती माझे मालक गेल्यावर. कराडकडचं घर दिरांच्या वाट्याला गेलं, मला दुसरीकडे जागा नव्हती. जावयाच्या घरी राहणं मला आवडलं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "हो, साहजिक आहे." माझे गुडघे गेलेले, जिना चढवेना. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या या घरामागे माझ्यासाठी खोली बांधायला काढली. रोज संध्याकाळी मिस्त्रीशी हुज्जत घालायचे, फरशी खडबडीत हवी, उंबरा नको, कडी खाली हवी.

भिंती उभ्या राहिल्या आणि एका सकाळी पेपर वाचता वाचता माझी कात्री थांबली. फुटलेला कागद यांच्याच कचेरीचा होता. कचेरी लखनौ सोडून दूर समुद्राकाठच्या गावी जाणार, असं त्यात होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, जावयाच्या घरात राहून एवढं शिकले आहे. मी बातमी कापली. भोक मोठं पडलं.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मिश्राजी फाटकातूनच म्हणाले, "भाई साहब, सुना है आप लोग हमें छोड़कर जा रहे हैं?" जावयांनी तिथेच एकोणतीसचा पाढा सुरू केला. शैलाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, त्यांना काही विचारू नकोस. विचारलंस तर ते उद्या साहेबांना जाऊन सांगतील, घरात बोलणं झालं म्हणून."

"आणि माझं काय?" मी म्हटलं. "तिकडे सरकारी दोन खोल्या मिळणार. त्यात मला कुठे ठेवाल?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली आणि रडायला लागली. ती रडली की मला राग येतो, म्हणून मी भाजी निवडत बसले.

पण प्रश्न मनातून जाईना. एकतर मला या खोलीत एकटीला ठेवून जाणार, नाहीतर दिरांकडे धाडणार, आणि ज्याला विचारायचं त्यालाच विचारता येत नाही. खोलीचं काम मात्र चालूच. मला वाटलं, यांना खरंच काही माहीत नाही. बिचारे भोकाचा पेपर वाचतात आणि फरशा निवडतात. एकदा न राहवून मी म्हटलं, "जावईबापू, मी कुठे राहायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "आज उकडतंय फार," म्हणाले आणि गेले. मला जेवण जाईना.

शेवटी न्हाणीघर झालं. भिंतीला धरून उठायला दोन लोखंडी दांडे बसवायचे होते. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्री म्हणाला, "साहब, सीमेंट में दबा देते हैं, ज़िंदगी भर नहीं हिलेगा."

"नहीं. पेंच से लगाइए," जावई म्हणाले. "ऐसा कि खुल जाए."

"खोलेगा कौन, साहब? अम्मा को तो यहीं रहना है."

जावयांनी आभाळाकडे पाहिलं. "आज लू कुछ कम है," म्हणाले.

मिस्त्रीला काही कळलं नाही. मला कळलं. दांडे निघणार होते, कारण मी निघणार होते. खोलीचं काम थांबवलं असतं तर गल्लीच्या लेखी पेपर खरा ठरला असता, म्हणून बांधत राहिले. आणि स्क्रूवर ठेवलेले दांडे तेवढे माझ्यासाठी. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. शैलाला कारण सांगितलं नाही. ती विचारत राहिली, मी म्हटलं, हवा बरी आहे.

पुढे रीतसर हुकूम निघाला. जावयांनी इस्त्रीचा सदरा घालून आम्हाला समोर बसवलं आणि गंभीरपणे सांगितलं, "आपली बदली झाली आहे." शैलाने तोंडावर हात ठेवला, जरा उशिराच. मी "अगंबाई" म्हटलं. मिश्राजी तर "अरे, सच में?" म्हणून खुर्चीतून उठले. सगळ्यांचा अभिनय वाईट होता, पण जावयांना समाधान वाटलं.

आज दुपारी ट्रक येणार आहे. खोलीत मी जेमतेम एक हिवाळा काढला. फरशी चांगली होती, घसरायची नाही. जावयांनी मघाशी स्वतः स्क्रू-ड्रायव्हरने दांडे काढले आणि जुन्या लुगड्यात गुंडाळले. मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं ना?"

ते स्क्रू मोजून डबीत भरत होते. "तिकडे हवा दमट असते, आई," म्हणाले. "यांना गंज चढेल. तेल लावून ठेवतो."

सकाळी पेपर आला तेव्हा मी नेहमीसारखी कात्री घेऊन बसले. सगळा वाचला. कापण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी केसांच्या तेलाच्या एका जाहिरातीला गोल भोक पाडलं आणि पेपर त्यांच्याकडे दिला. त्यांनी विचारलं नाही. चहा पिऊन होईपर्यंत भोकातून तो एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.