सुभद्राबाईची शील्ड

आज सकाळी सुभद्राबाई गेली.

आन् मी तिच्याशी एक खोटं बोलली होती, ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

चौथीपर्यंतची शाळा माही. नातीनं फोनवर लिहायले शिकवलं. चुकलं त सांभाळून घ्या.

सुभद्राबाई आमच्या घराले घर लागून राहे. नवरा लवकर वारला, मंग टॉकीजमध्ये डोरकीपर झाली. लेडीज क्लासची.
तेव्हा बायांचं दार वेगळं, जिना वेगळा, तिकिटाची खिडकीही वेगळी. त्या दारावर टॉर्च घेऊन सुभद्राबाई.

कोणाचं लेकरू रडलं त बाहेर घेऊन फिरवे.
कोणाचा नवरा शोधत आला त म्हणे, "इथं नाही बाप्पा तुमची बायको."
बायको आत आरामात पिक्चर पाहून राहिली राहे!
(हसू येऊन राहिलं मले लिहिता लिहिता. आजच्या दिवशी हसू नये, पण ती होतीच तशी.)

पिक्चर चालन का पडन, हे मॅनेजरच्या आधी तिले समजे.
"पहिल्या दिवशीची गर्दी पोट्ट्यायची असते साहेब. ते त कशालेही येतात. बाई दुसऱ्या वेळेस सासूले घेऊन आली का समजा, पंचवीस हप्ते."

तेव्हाचा एक हिरो होता. नाव नाही लिहत.
तो शेवटी मेला का अख्खा लेडीज क्लास रडे. हाऊसफुलचा बोर्ड खाली उतरत नसे. पण अवॉर्ड दर साली दुसऱ्यालेच.

अवॉर्डचा सीझन आला, पेपरात नावं आली, का सुभद्राबाई नळावर भांडायले तयार.
"त्या अवॉर्ड देणाऱ्यायले म्हणा, एक दिवस माह्या दारावर उभे राहा. बाया डोळे पुसत उतरतात का गप्पा हाणत उतरतात, तेवढं पाहा. मंग द्या कोणाले द्यायचं ते."

इमर्जन्सीच्या आगेमागे त्याच्या एका पिक्चरले आमच्या टॉकीजमध्ये पंचवीस हप्ते झाले. सिल्व्हर जुबिली!
तेव्हा रीत होती, जुबिली झाली का हिरो स्वतः येऊन टॉकीजच्या लोकायले शील्ड दे. मॅनेजर, ऑपरेटर, डोरकीपर, सगळ्यायले.
यादीत सुभद्राबाईचं नाव होतं.

माह्या लग्नातली हिरवी साडी नेसून गेली ती. मी स्वतः पिन लावून दिली.
"इंदू, कशी दिसून राहिली वं मी?"
"हिरोईन!"
"चूप. हिरोईनची माय म्हण."

मले तिनं तिसऱ्या रांगेत बसवलं. "उठू नको. उठली का सीट गेली समज."

कार्यक्रम बाराच्या शोच्या आधी होता. कामठीहून, कोराडीहून बाया आल्या होत्या. हॉल भरला, तरी जिन्यावर बायाच बाया. मॅनेजरनं लेडीजचं चॅनल गेट ओढायले लावलं. गेटच्या पुढंच एक पोटुशी बाई दाबल्या जात होती. सुभद्राबाई गेट धरून, तिले आडोसा देऊन उभी राहिली.

इकडे माइकवर नाव आलं. "सुभद्राबाई. डोरकीपर, लेडीज क्लास."

कोणी गेलं नाही.

दुसऱ्यांदा नाव घेतलं.

मले माहीत होतं ती कुठं आहे. दहा पावलं जाऊन म्हणायचं होतं, "बाई, मी धरतो गेट, तू जाय."

मी उठली नाही.
सीट जाईन म्हणून. तो समोर उभा होता म्हणून.

मॅनेजरची बायको उठली आन् सुभद्राबाईच्या नावाची शील्ड घेतली. लोकायनं टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या.

संपल्यावर जिन्यात भेटली. साडीची पिन तुटलेली, केस सुटलेले. एकच विचारलं.
"दिसला का वं? कसा आहे?"

मी म्हटलं, "काही नाही बाई. बुटका आहे. तोंडावर पावडर थापलेली. तू नाही पाहिलं तेच बरं."

ती हसली. "बरं झालं मंग. त्या बाईले सोडून आली असती त पस्तावली असती."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं शील्ड पेपरात गुंडाळून तिच्या हाती दिली.

मले वाटलं, मी तिचं दुःख हलकं केलं. खरं सांगतो, मी माही लाज झाकली.
आन् त्या खोट्यानं तिचा हिरो नेला.
त्याचा फोटो तिनं भिंतीवरून काढला. त्याचा पिक्चर लागला का बाया आत रडत, ही बाहेर स्टुलावर बसून राहे. पुढच्या साली त्याले अवॉर्ड भेटलं, मी पळत सांगायले गेली.
"बुटक्याले भेटलं का?" म्हणे. आन् भाजी निवडत राहिली.
जिनं त्याच्यासाठी अख्ख्या नळाशी भांडण केलं, तिनं!

तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. आज सांगतो, उद्या सांगतो, करत म्हातारी झाली मी.

मागच्या बुधवारी रामदासपेठेतल्या दवाखान्यात सांगायलेच गेली होती. तिनं हात धरला, "गुडघे कसे आहेत वं तुहे?" म्हणून विचारलं. मी गुडघ्याचंच बोलत बसली. भेटायची वेळ संपली.

आता चार वाजता नेणार आहेत तिले. म्हणून इथं लिहितो, सगळ्यायसमोर.

सुभद्राबाई, तो बुटका नव्हता वं.
उंच होता. पडद्यावर दिसे त्याच्याहून देखणा.
आन् तुह्या नावाचा दुसऱ्यांदा पुकारा झाला ना, तेव्हा तो शील्ड हाती धरून लेडीजच्या दाराकडे पाहत उभा होता.
बराच वेळ.
तुहीच वाट पाहत होता.

माफ कर माय.
तुले माहा शेवटचा जयभीम.