सुरमई असली की कप्तान

आडनावावर पोट भरणारे पुष्कळ पाहिले, पण आडनाव सांगून समोरच्याची भूक घालवणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. मी मागावर कापड विणणारा साचेवाला, हा माझगावचा ख्रिस्ती फिटर, एकाच गिरणीतले. आडनाव फ्लेचर. आता नुसतं आडनाव सांगून थांबेल तर शपथ! फ्लेचर म्हणजे विलायतेतले बाण करणारे, बाणाच्या शेपटीला पिसं बांधणारे. पीस मोठ्या बदकाचंच हवं, दुसरं चालायचं नाही. मग राजे, लढाया, आणि शेवटी बंदुका आल्या की हा कपाळाला हात लावायचा. "काम गेलं रे, नाव राहिलं!" गिरणी बंद झाली तेव्हाही हेच म्हणाला. दवाखान्यात एकदा डॉक्टरने नाव विचारलं, तर इतिहास संपेपर्यंत बाहेरचे निम्मे पेशंट बरे होऊन घरी गेले. आणि स्वतः हा विलायत सोडाच, कर्जतच्या पुढे गेलेला नाही.

आम्ही सगळे पळायचो. ऐकायची ती एकटी माझी बायको. दर रविवारी हा लालबागला आमच्या खोलीवर जेवायला. ती पदराला हात पुसत विचारायची, "मगे फुडे काय झाला, भावजी?" झालं! याचा पूर्वज जहाजातून मुंबईला निघायचा. ताटात बांगडा असला की साधा खलाशी, सुरमई असली की कप्तान. मी म्हणायचो, "अरे, एक काय ते ठरव." ती मलाच दटावायची, "तुमका काय त्रास? पूर्वज तेंचो आसा."

गेल्या वर्षी ती गेली. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला. भिंतीवर कावळा आला, सगळे हात जोडून उभे, आणि हा मोठ्याने म्हणतो, "याच्या पिसाचा बाण सरळ जायचा नाही." कावळा उडाला. मेहुणीने याला नुसता गिळायचा बाकी ठेवला. मग विनवण्या सुरू. मुलगा म्हणाला, आई, बाबांना सांभाळीन. सून म्हणाली, तुळशीला पाणी घालीन. मी म्हणालो, गोळ्या वेळेवर घेईन. कावळा लांब झाडावर ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळायला लागले. एवढा संसार केला, पण तिचा जीव कशात अडकलाय ते मला कळेना.

तेव्हा हा टोपी काढून पुढे आला. "वहिनी, कप्तान बंदरात उतरला, तिथंच आपलं थांबलंय. पुढचं मी याला सांगतो." मग माझ्यावर खेकसला, "बोल ना रे, ऐकशील म्हणून!"

मी रडतच ओरडलो, "ऐकेन गं बाई! सगळं ऐकेन!"

कावळा आला, चोच मारून गेला.

तेव्हापासून रविवार माझ्या गळ्यात. माझ्या हातची करपलेली अंडी खाऊन कप्तानाचा खलाशी झाला, आणि खलाशाचा जहाजावरचा भांडीघाशा. परवा मीच हट्टाने सुरमई आणली. तिच्यासारखी कुठली जमायला! हा मुकाट जेवत बसला. पूर्वज नाही, बाण नाही, काही नाही. खोली खायला उठली. मला राहवेना, तोंडातून आपसूक निघालं, "मगे फुडे काय झाला?"

त्याने चुलीच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे पुसले.

"कप्तान बंदरात उतरला," तो म्हणाला, "आणि त्याला फार भूक लागली होती."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.